विनंती थांबा

मामांच्या घरी सिनेमा कधी अडकत नसे, तिथे गाडीला उशीर होत असे. टीव्हीवरचं चित्र गोठून ते गोल चक्र फिरू लागलं, की मामा खुर्चीत ताठ बसत आणि खर्जात म्हणत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी फलाटावर लागत आहे." एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात गेलेल्या माणसाचा तो आवाज. इंदिरानगरच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये तो मावत नसे.

निवृत्तीनंतर मामांनी एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये घरातली सगळी लग्नं, बारशी, सहली आणि आवडते सिनेमे भरले. कुठल्याही खोलीत बसावं, टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर हवं ते लावावं. त्या कॉम्प्युटरला ते डेपो म्हणत, वायफायला रस्ता आणि फाइलला गाडी. "डेपो तापलाय," असं एकदा ते म्हणाले, तेव्हा नवे जावई धूर दिसतोय का म्हणून खिडकीशी गेले होते. मध्येच कुणाला पाणी प्यायला उठायचं असेल, तर मामांकडे बघून हात करायचा. मग मामा "विनंती थांबा" म्हणत आणि सिनेमा थांबवत. नुसतं ओरडणाऱ्यासाठी गाडी थांबत नसे.

काही अडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "रोज त्याच जागी थांबते, की कुठेही?" त्याच जागी थांबली तर गाडी खराब, कुठेही थांबली तर रस्ता. एकदा रोज संध्याकाळी चित्र गोठू लागलं, पण जागा दर वेळी वेगळी. मामांनी आठवडाभर पाळत ठेवली आणि शोध लावला, की मामी मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवते तेव्हा वायफाय गळपटतं. "घाटात ट्रक आडवा होतोय," ते म्हणाले, आणि भिंतीच्या कडेने थेट वायर टाकून मोकळे झाले. तो त्यांचा बायपास. त्या बायपासपायी आपल्या भिंतीची चाळण झाली, हे मामी पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिली.

मामी गेली. तिच्या वर्षश्राद्धाच्या आधी मामेबहिणीने मला एक काम सांगितलं. देवळ्याला, मामीच्या माहेरी, कांद्याच्या चाळीपाशी मामांनी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला होता. मामी कांदे निवडतेय, मध्येच वर बघते, पुरे आता म्हणून हात वर करते, आणि तिथेच चित्र गोठतं. पाहुण्यांसमोर असं नको, दुरुस्त कर, असं बहीण म्हणाली. तो व्हिडिओ मामा रोज लावतात, हेही तिनेच सांगितलं.

मी लॅपटॉप घेऊन गेले. तपासलं, तर फाइलच तेवढ्या जागी बिघडलेली. मामांच्याच भाषेत मी त्यांना म्हटलं, "त्याच जागी थांबतेय मामा, म्हणजे गाडी खराब. तेवढा तुकडा कापला की पुढे सरळ जाईल."

मामांनी पडद्यावर गोठलेल्या मामीकडे बोट दाखवलं. मग अगदी साध्या आवाजात, खर्ज न लावता म्हणाले, "गाडी चांगली आहे गं. विनंती थांबा आहे तो. हात केलाय तिनं. तसाच पुढे कसा जाऊ?"

मी लॅपटॉप मिटला. थोड्या वेळाने मामांनीच तोंडाने "टिंग टिंग" अशी, कंडक्टर गाडी सोडताना देतो तशी डबल बेल दिली आणि रिमोटने व्हिडिओ पुढे नेला.

गेल्या हिवाळ्यात मामाही गेले. मला त्यांची फार आठवण येते. डेपो आता माझ्या घरी आहे. नवी डिस्क आहे, नवी वायर आहे, काही म्हणून अडकत नाही. फक्त देवळ्याच्या त्या चाळीपाशी गाडी अजून थांबते. मामी हात करून बघत असते, ती मामांकडेच. डबल बेल मात्र आता मलाच द्यावी लागते, आणि माझ्याच्याने ती लवकर देववत नाही.