पालथी किटली

तेवीस वर्षांची असताना मी दुधात हापशाचं पाणी घातलं आणि त्याची शिक्षा सासूला भोगू दिली. आता माझ्या सुनेचा चहा पातळ झाला की तोंड वाकडं करायला जाते, तेवढ्यात हे आठवतं, आणि मुकाट्यानं कप रिकामा करते.

कारण काय, तर चपला. यांनी लातूरहून उंच टाचेच्या चपला आणल्या होत्या. रेणापूरजवळच्या आमच्या गावात रस्ता म्हणजे दगड आणि शेण. पण ही महाराणी हातात दुधाची किटली घेऊन टाचा वाजवत निघाली. पारापाशी पाय मुरगळला, गुडघ्यावर आपटले, आणि पाव किटली दूध मातीत गेलं. समोर हापसा होता. मागंपुढं कुणी नव्हतं. दोन-तीन हात मारले आणि किटली भरून घेतली. माझी अक्कल एवढीच, की कमी दूध लोकांना दिसेल. पातळ दूधही दिसतं, हे डोक्यात आलंच नाही. आणि दूध जायचं कुणाच्या हाती, तर इंदरकाकूंच्या!

इंदरकाकू गावच्या महिला दूध गटाच्या अध्यक्ष. ठेंगणी बाई, आवाज मात्र वेशीपर्यंत जाणारा. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज सकाळी पाटावर बसायच्या. दुधाला डिग्री लावायची काचेची नळी गटाकडे होती, पण काकूंची नळी म्हणजे त्यांचा अंगठा. नखावर दुधाचा थेंब घ्यायचा आणि हात तिरपा करायचा. थेंब थांबला की म्हणायच्या, “चला, फुडं.” थेंब पळाला, की मगच ती काचेची नळी बाहेर यायची, आणि नळीनं नखाला खोटं पाडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

पाणी सापडलं, की गटाचा नियम ठरलेला. शेडबाहेरच्या बुटक्या भिंतीवर ती किटली महिनाभर पालथी ठेवायची आणि त्या घरचं दूध बंद. प्रत्येक किटलीवर घरच्या बाईचं नाव रंगवलेलं. किटली पालथी म्हणजे नावही उलटं. येणारा-जाणारा मान वाकडी करून वाचायचा. आमच्या किटलीवर नाव होतं आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूचं.

त्या दिवशी थेंब पळाला. काकूंनी नळी लावली, माझ्याकडं पाहिलं, माझ्या लुगड्याकडं पाहिलं, आणि विचारलं, “कुनाला काही सांगायचं हाय का?”

मी हापशाच्या दिशेला बघत उभी राहिले. वर गंमत अशी, की गटाची चिटणीस मीच. दहावी पास, अक्षर सुरेख! तेव्हा ‘पाणी आढळले’ हे आत्याबाईंच्या नावापुढं मीच लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी शेडकडं जाणं सोडलं. त्या बाईचं चार बायांत बसणं-उठणं, हसणं, कुणाची म्हैस व्याली ते ऐकणं, सगळं त्या दुधाच्या रांगेत होतं. आता दूध काढलं की त्या विरजण लावायच्या आणि चुलीपुढं बसून राहायच्या. मला ते बघवेना. पण खरं सांगायच्या ऐवजी मी काय केलं? काकूंवर रागावले. गटाची निवडणूक पंधरा दिवसांवर होती. गल्लीतल्या बायांना मी सांगत सुटले, “निर्दोष बाईची किटली पालथी घातली हो! असली अध्यक्ष कशाला पाहिजे?” आत्याबाई निर्दोष आहेत हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

आमची निवडणूक चिंचोक्यांची. पडद्यामागं दोन झाकलेल्या किटल्या, एक इंदरकाकूंची, एक गिरजाबाईंची. प्रत्येकीनं एक चिंचोका टाकायचा. काकू पाच चिंचोक्यांनी पडल्या. मी फिरवलेल्या बाया मला धरून सहा. हिशेब मला तिथल्या तिथं कळला. काकूंनी मात्र आपल्या किटलीतले चिंचोके गिरजाबाईंच्या ओटीत ओतले. “घे, भाजून खा. आन् सोमवारी पाटावर बस. तवर मीच अध्यक्ष हाय, ध्यानात ठेव.”

परवा नांदेडला नातीनं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. कुठल्याशा देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडणूक हरला आणि जाता जाता कुणाकुणाचे गुन्हे माफ करून गेला. नात म्हणाली, “आजी, हरल्यावर असं करता येतं का गं?” मी म्हटलं, “खुर्ची सुटेपर्यंत येतं. मी बघितलंय.” तिला वाटलं, आजी टीव्हीवरचं सांगतेय.

मी बघितलं ते रविवारी सकाळी. सगळ्या बाया रांगेत होत्या. काकूंनी मला पाठवून आत्याबाईंनाही बोलावून घेतलं होतं; त्या पदर कपाळापर्यंत ओढून कडेला उभ्या होत्या. भिंतीवर चार किटल्या पालथ्या. काकू उठल्या आणि पहिल्या किटलीला हात घातला.

“द्रुपदा. लेकीचे पाव्हणे आले हुते, दूध कमी पडलं. माफ.” किटली सुलटी झाली.

“रुक्मिन. म्हैस आटत आली, सांगायची लाज वाटली. माफ.”

तिसऱ्या किटलीपाशी त्या हसल्या. “हिला दोनदा धरली. माफ. गिरजाबाई, नख वाढवा तुमी, हिच्यासाठी लागंल.” सगळी रांग खिदळली, ती किटलीवालीसुद्धा.

मग आमची किटली. काकूंनी तिच्यावर हात ठेवला आणि उचललीच नाही. “ही मला माफ करता येत न्हाई.”

गिरजाबाई म्हणाल्या, “का बरं? तीन केल्या, हिनं काय घोडं मारलं?”

“कसूरच न्हाई तर माफी कशाची? मी माफ म्हनलं, तर हिनं पानी घातलं हुतं असं कायमचं ठरंल. मेल्यावरबी बाया म्हनतील, इंदरीनं सोडली हुती तिला.” मग त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “किटली त्या दिवशी जिनं आनली, तिच्या लुगड्याला गुडघ्यापाशी चिखल हुता. एवढंच मला ठावं हाय.”

तेवढ्यात आत्याबाई पुढं आल्या. रांगेकडं बघत ठाम आवाजात म्हणाल्या, “इंदर, मीच घातलं पानी. कर माफ आन् मोकळी कर.”

त्यांनाही माहीत होतं! इतके दिवस चुलीपुढं बसून त्या मलाच झाकत होत्या. मला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच मी बोलून गेले, चपला, पार, हापसा, सगळं. कुणीतरी मागून म्हणालं, “टाचांच्या चपला घालून दुधाला? अगं, लग्नाला चाललीस का?” आणि मग जो हशा उठला, तो माझ्या कानात अजून आहे.

काकूंनी मला किटली सुलटी करायला लावली. वही पुढं केली. “तुझ्या हातानं लिवलंस, तुझ्याच हातानं खोड.” मी ते नाव खोडलं आणि खाली माझं लिहिलं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. “हे माफ.” मग पाटावर बसल्या. “आता माझा राजीनामा लिही.”

अध्यक्षपद गेलं तरी कमिटीत त्यांची जागा होतीच. गिरजाबाईंनी हात धरला, “राहा की वो, मला काय कळतंय?” काकू मला सांगू लागल्या, “लिही. हरले म्हनून सोडते, असं लिहू नकु. मी हितं बसले, तर गिरजाबाईनं हात तिरपा केला की बाया माझ्या तोंडाकडं बघतील. म्हनून सोडते. लिवलंस का? आन लेखनी, सही करते.” सही करायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला चिंचोक्यांचं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

काकू पुढं लेकीकडं चाकूरला गेल्या. आम्ही यांच्या नोकरीपायी नांदेडला आलो. आत्याबाई शेवटपर्यंत ताठ मानेनं रांगेत उभ्या राहिल्या, आणि ती किटली आता माझ्या गच्चीवर आहे, तुळस लावलेली. दुधाची पिशवी फोडली की मी अजून एक थेंब नखावर घेते आणि हात तिरपा करते. थेंब थांबतो की पळतो, हे मला या वयातही नीट सांगता येत नाही. पण तेवढा वेळ पत्र्याच्या शेडमधला तो कच्च्या दुधाचा वास येतो, आणि कुणीतरी मोठ्यानं “चला, फुडं” म्हणावं असं वाटत राहतं. सून म्हणते, “आई, दूध पिशवीतलं आहे, काय बघता?” काय सांगू तिला?

काकूंना शेवटचं भेटले ती चाकूरलाच. खाटेवर उशीला टेकून होत्या, हात काडीसारखे झालेले. लेक शेतावर गेली होती, घरात आम्ही दोघीच. मी त्यांचा अंगठा हातात घेतला आणि इतकी वर्षं गिळलेलं एकदाचं सांगितलं, की काकू, तुम्हाला पाडलं ते मी. गल्लीतल्या बाया मीच फिरवल्या होत्या. त्यालाही माफी द्या.

नंतर पंधरा दिवसांतच त्या गेल्या, त्यामुळं माझ्यापाशी त्यांचं शेवटचं बोलणं हेच:

“ठावं हाय की गं मला. सहा जनी हुत्या, तुला धरून. पन मत तुझं हुतं, त्याला माफी कशाला लागती? जा, च्या टाक. आन् दूध कमी पडलं तर मला येऊन सांग, नळाकडं बघू नकु.”