भिंतीवर उमटलेला तास

आमच्या शाळेत माझ्या आत्याला पोरं रडारबाई म्हणतात. तिच्या तोंडावर नव्हे, तेवढी अक्कल त्यांना आहे. ती फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना शेवटच्या बाकावर कुणी गोळीचा कागद सोलला, तरी न वळता म्हणायची, "माझ्यासाठी एक ठेव." मी तिच्याच हाताखाली विज्ञान शिकलो आणि पुढे त्याच शाळेत संगणक खोलीत चिकटलो. म्हणून शपथेवर सांगतो, ही दंतकथा नाही.

तर ते रडार बिघडलं.

सगळ्यात आधी कळायला हवं होतं आतोबांना, पण ते म्हणतात, "लग्न झाल्यापासून ती माझं ऐकतच नाही. मला वेगळं काय जाणवणार?" डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. घरात ते चांगलं चाललं. वर्गात मात्र पंखा, बाकांचे पाय आणि पोरं या सगळ्यांचा एकदम काला व्हायचा. यंत्र कपाटात गेलं. आत्याने स्वतःचा उपाय काढला. कुणी काही विचारलं की ती म्हणायची, "उभा राहा. मोठ्याने विचार. सगळ्यांना ऐकू जाऊ दे." पोरांना ती शिस्त वाटली. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, तर इतकी आवडली की इतर शिक्षकांना त्यांनी ती उदाहरण म्हणून सांगितली.

तिने कुणाला काही सांगितलं नाही याला कारण होतं. चित्रकलेच्या सरांची नजर अधू झाली, तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना शाल-बिल देऊन, चार चांगले शब्द बोलून, सन्मानाने भांडारखोलीत बसवलं. ते आता तिथे खडूची खोकी सांभाळतात आणि जो दिसेल त्याला "बस की जरा" म्हणतात. आत्या त्या खोलीवरून जाताना पावलं उचलून जाते.

मग एक दिवस आठवीतल्या एका मुलीला तासाला मळमळायला लागलं. आवाज मुळातच बारीक. तिने बाहेर जायला विचारलं, पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. आत्या फळ्यावर आकृती काढत राहिली. पोरगी बाकावरच ओकली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील मोठ्या बाईंच्या समोर बसून टेबलावर बोट आपटत होते. निकाल असा लागला की तपासणीचे साहेब आत्याच्या तासाला येऊन बसतील. तास धड झाला तर वर्ग राहील. नाहीतर भांडारात दुसरी खुर्ची मावतेच.

त्या दुपारी आत्या माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावलं.

"दिवट्या, तुझ्या त्या डब्यात काही आहे का रे?"

डबा म्हणजे लॅपटॉप. शाळेने सगळ्या शिक्षकांना तो दिला होता आणि मी त्याचं शिबिरही घेतलं होतं. अक्षर मोठं करणारं भिंग आहे, धडा वाचून दाखवणारा आवाज आहे, पडद्यावरचं सगळं चित्रित करून गैरहजर पोरांना देता येतं, वेगळं काही विकत आणायला नको, सगळं त्याच्या पोटातच आहे, असं मी घसा फोडून सांगितलं. शिक्षक मंडळी माना डोलवत चहाची वाट बघत होती. आत्या त्यात पहिल्या रांगेत होती. नंतर तिने तो लॅपटॉप उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून वापरला.

मी बोललेलं लिहून दाखवणारी सोय चालू केली. पडद्याच्या तळाशी काळी पट्टी आली.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

पट्टीवर उमटलं : काय बोलू. आत्याने पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "भलतंच आगाऊ आहे," ती म्हणाली. तेही उमटलं.

घरी तालीम झाली. आतोबा विद्यार्थी. ते स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बाई, आज जेवायला मिळणार की नुसतं रक्ताभिसरणच?" आणि आत्या पट्टी वाचून उत्तर द्यायची, "प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे." मागच्या खोलीतलं मात्र धड उमटेना. शोधता शोधता पंख्याची घरघर गाळणारी सोयही आतच सापडली, फक्त बंद होती. वर्गातलं टेबल आम्ही पहिल्या बाकांना भिडवायचं ठरवलं. राहिला प्रोजेक्टर. भिंतीवर हृदयाची आकृती दिसायला हवी, पट्टी नको. मी दोन पडदे वेगळे करून दिले : भिंतीला आकृती, आत्याला पट्टी. मी बजावलं, "भिंतीकडे पाठ ठेव, नजर पट्टीवर आणि पोरांवर. कुणाला कळणार नाही."

पण साहेब येणार म्हटल्यावर शाळेच्या अंगात येतं. सकाळी शिपाईमामांनी खोली पुसताना सगळ्या वायरी काढून त्यांची सुबक वेटोळी करून ठेवली होती. शिवाय मोठ्या बाईंनी मान म्हणून ऑफिसातला नवा प्रोजेक्टर तिथे आणून बसवला होता. घंटा झाली तेव्हा मी टेबलाखाली गुडघ्यावर होतो. वायर खोचली, भिंत उजळली, साहेब आणि मोठ्या बाई दारात आल्या, मी मागच्या बाकावर पळालो. बसलो आणि वर पाहिलं.

लॅपटॉपला हा प्रोजेक्टर अनोळखी. त्याने माझी वाटणी मोडून दोन्हीकडे एकच चित्र लावलं होतं. भिंतीवर हृदय होतं आणि हृदयाखाली काळी पट्टी.

"बसा," आत्या म्हणाली. भिंत म्हणाली : बसा.

मी हात हलवले, भिंतीकडे बोट केलं. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा आठवीत गेलो. साहेबांनी माझ्या शेजारी बूड टेकलं, चष्मा चढवला आणि भिंत वाचू लागले.

पहिल्या बाकावर एक पोरगा आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला, पण त्याची कुजबुज म्हणजे इतरांचं भाषण. पट्टीवर आलं : अरे बघ आपण बोलतो ते भिंतीवर येतंय.

आत्याने ते तिच्या पडद्यावर वाचलं. तिचा टेबलावरचा हात तसाच राहिला. ती वळली नाही. आता पट्टी बंद केली तर उरलेला तास ती आंधळ्या कोशिंबिरीसारखा खेळणार. चालू ठेवली तर बिंग भिंतीवर. ती म्हणाली, "हृदयाला कप्पे किती?"

हात वर झाले. असे हात मी त्या वर्गात कधी पाहिले नव्हते. ज्याला त्याला आपलं बोलणं भिंतीवर बघायचं होतं. पुढच्या बाकावरची ती बारीक आवाजाची मुलगीही उभी राहिली. पट्टीवर आलं : बाई हृदय झोपेत पण काम करतं मग ते दमत नाही का. सगळ्या वर्गाने ते वाचलं. आत्या म्हणाली, "दोन ठोक्यांच्या मध्ये घेतं विश्रांती. तुमच्यासारखी तासभर नाही."

पोरं हसली. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात शेजारून साहेबांनी तोंडासमोर कागद धरून, बसल्या बसल्या काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं. लॅपटॉपला नाही. पट्टी कोरी.

आत्याने पट्टीकडे पाहिलं. मग साहेबांकडे. कागदामागे ओठ दिसत नव्हते. मोठ्या बाई पुढे झुकल्या. पोरं एकदा भिंतीकडे, एकदा आत्याकडे बघू लागली, आणि काहीजणांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांच्या ध्यानात येतंय.

"साहेब," आत्या म्हणाली, "आमच्या वर्गात उभं राहून मोठ्याने विचारायचं असतं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

साहेब उभे राहिले. अगदी हात बाजूला ठेवून. प्रश्न भिंतीवर उमटला, उत्तर मिळालं, घंटा झाली.

साहेब पुढे गेले ते खुशीतच. "मागच्या मुलांना ऐकू आलं नाही तर वाचता येतं! फार छान उपक्रम. इतर शाळांना दाखवायला हवा. मुलांसाठी एवढा विचार कुणी केला?"

"आमच्या शाळेत आम्ही नेहमीच..." मोठ्या बाईंनी सुरुवात केली.

सुटायला दार सताड उघडं होतं. आत्याने नुसती मान हलवायची होती. मी मागून डोळ्यांनी विनवत होतो, हलव गं बाई, हलव.

तिने त्या मुलीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "मुलांसाठी नाही साहेब. माझ्यासाठी आहे. मला ऐकू येत नाही."

पट्टीला काय, तिने तेही इमानेइतबारे लिहिलं. मला ऐकू येत नाही. हृदयाखाली, ठळक.

"अहो, हे आधी सांगायचं नाही का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर आत्ता खडू मोजत असते."

आत्या त्या मुलीकडे वळली. "त्या दिवशी तू विचारत होतीस, मला कळलंच नाही. चुकलं माझं." मुलगी मान खाली घालून म्हणाली, "असू दे बाई." इतकं हळू, की मी ते भिंतीवर वाचलं.

मोठ्या बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग साहेबांकडे न बघता म्हणाल्या, "वार्षिक परीक्षेपर्यंत वर्ग तुमच्याकडे. पालकांना मी सांगेन. पण ही पट्टी भिंतीवरच राहील, लपवाछपवी चालणार नाही. परीक्षेनंतर पुन्हा बघू."

"बघा," आत्या म्हणाली. तिचा आवाज थोडा फाटला. पट्टीला फाटका आवाज लिहिता येत नाही.

ती दोघं गेली. मी वायरीपाशी गेलो तर तिने माझ्या हातावर चापट मारली. भोंग्याने हात वर केला.

"बाई, म्हणजे आता आमचं मागचं पुढचं सगळंच भिंतीवर येणार?"

"सगळं."

वर्गाने एक लांब सुस्कारा सोडला. पट्टीने त्याचं काय करायचं यावर थोडा विचार केला आणि नाद सोडला. आत्याने खडू उचलला. "चला. डावे कप्पे."