सुभेदारांची पलटण

सुभेदार सकाळी कामावर आले की आधी ऑफिसात शिरत नसत. थेट हवेच्या टाकीवर जात, कठड्यापाशी टाचा जुळवून उभे राहत आणि खाली फसफसणाऱ्या तपकिरी पाण्याला खड्या आवाजात विचारत, "काय पलटण, जेवली का न्हाई?" पाणी कसलं, तर आमच्या कृष्णाकाठच्या गावाचं सांडपाणी! मी त्या शुद्धीकरण केंद्रात नवी नवी केमिस्ट म्हणून लागले होते. पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि म्हटलं, झालं, कुठं येऊन पडले मी!

पलटण म्हणजे टाकीतले जिवाणू. सांडपाण्यातली घाण हे त्यांचं अन्न, आणि जगायला त्यांना हवा लागते, म्हणून तळातून ब्लोअरनं सतत हवा सोडायची. हे सगळं मी पुस्तकात शिकले होते. पण सैन्यातली नोकरी संपवून इथं सुपरवायझर झालेल्या सुभेदारांनी त्या जिवाणूंना राशन, हाजिरी, शिस्त सगळं लावून टाकलं होतं. टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन ठेवलं आणि गाळ नीट खाली बसला, तर "पलटण शिस्तीत हाय." नाही बसला, तर "बंड झालंया, मॅडम, बघा जरा." माजी सैनिकांबरोबर ज्यांनी काम केलंय त्यांना हा नमुना ठाऊक असेलच.

चौकस तर इतके, की विचारू नका. रोज माझ्या मायक्रोस्कोपपाशी येत, भलताच डोळा मिटत आणि "काईच दिसंना की," म्हणून माझ्यावरच डाफरत. एकदा देठावर उभा असलेला, घंटेच्या आकाराचा एक जीव दिसला. तो अचानक आक्रसला, तसे सुभेदार दचकून मागं सरकले. "आयला! लाजला की वो त्यो!" मग प्रश्न सुरू. हे झोपतात का? आजारी पडतात का? जिवाणू एकाचे दोन होऊन वाढतात, असं मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, मग त्यात बाप कोन आन् ल्योक कोन, वळखायचं कसं?"

या माणसाला दुःख एकच होतं, आक्काचं. आईबाप लवकर गेले, थोरल्या बहिणीनंच त्यांना वाढवलं. नदीच्या खालच्या अंगाला, आमच्या पुढचंच गाव तिचं; घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. भाऊ सुट्टीवर आला की आक्का भाकरतुकडा ओवाळून मगच त्याला घरात घ्यायची. तीच आक्का, भाऊ 'गटाराच्या' नोकरीला लागल्यापासून त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हती. तोंडावर नाही म्हणायची नाही, पण दर वेळी, "आज उपास हाय रं." सुभेदार हसत सांगायचे, "आमची आक्का देवाची लय. सातीवार उपास!" आणि मग हळूच, "बंदूक धरल्याली चालली बघा तिला, ह्ये चालंना."

त्या वर्षी जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार होते. मी आटपाडीला मावसबहिणीच्या लग्नाला गेलेली. साहेब येणार म्हटल्यावर सुभेदारांच्या अंगातली जुनी सवय जागी झाली. दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, सगळीकडं फिनेल. आणि टाकीला वास येतोय म्हणून तिच्यात ब्लीचिंग पावडरीची पोती रिकामी केली! ती पावडर आम्ही अगदी शेवटी, गाळून स्वच्छ झालेल्या पाण्याला, बेतानं द्यायचो. साहेब खूश होऊन गेले. मी परतले तेव्हा टाकी राखाडी पडली होती आणि सडका वास सुटला होता.

मी थेंब घेतला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. काहीच हलत नव्हतं.

"मॅडम, हाजिरी?" सुभेदारांनी विचारलं.

"कुणी नाही, सुभेदार. सगळे मेले."

मग मात्र माझा तोल गेला. मी दुष्काळी आटपाडीची; आमच्याकडं पाण्याचं वाटोळं केलेलं कुणी खपवून घेत नाही. तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "माझ्या हातानं मारली," एवढंच म्हणाले. गाव काही नळ बंद करून बसत नाही, सांडपाणी येतच होतं आणि तसंच नदीत जात होतं. नदीवर पुढचं गाव आक्काचं. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पलटण नव्यानं उभी करायची ठरली. शेजारच्या गावच्या केंद्रातून जिवंत गाळाचा टँकर मागवला. त्यातल्या जिवाणूंना जोर धरायला शेणकाला आणि गूळ हवा होता. "गूळ बघतो मी," म्हणून सुभेदारांनी मोटारसायकलला किक मारली. आक्कानं विचारलंच, "एवढा गूळ कशाला रं?" सुभेदार म्हणाले, "माझ्या हातनं लय जीव गेलं, आक्का. घाण तुमच्या गावाकडं यायला लागलीया."

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः टेम्पोत ढेपा घेऊन आल्या. नाकाला पदर लावून कठड्यापाशी उभ्या राहिल्या. "शेण, गूळ... म्हंजी उसाला घालतो त्ये जीवामृतच की ह्ये!" मी टँकरच्या गाळाचा थेंब दाखवला. मायक्रोस्कोपवरून त्या उठेचनात. शेवटी विचारलं, "आन् ह्यास्नी आपला गूळ गोड लागतू व्हय?" सुभेदार सगळं विसरून खुलले. म्हणाले, "आक्का, च्या टाकू?"

"नगं. एकादस हाय."

एकादशी नव्हती. कॅलेंडर समोर भिंतीवर होतं. आम्ही कुणीच तिकडं पाहिलं नाही.

काही आठवड्यांनी टाकी पुन्हा तपकिरी झाली. इतके दिवस सुभेदार मुकाट्यानं कठड्यावरून पुढं जायचे. एका सकाळी आवाज आला, "काय पलटण, जेवली का न्हाई?" मला इतका आनंद झाला की हातातली काचेची नळी पडता पडता वाचली.

पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी काम सोडायचं ठरवलं. निरोपाला शाल, श्रीफळ, पेढे, सगळं साग्रसंगीत झालं. आक्काही आल्या होत्या. चहाचा ट्रे त्यांच्यासमोर आला, तसे सुभेदार घाईघाईनं पुढं झाले. "आक्काला नगं. तिचा उपास हाय."

आक्कांनी मान वळवून भावाकडं पाहिलं. "कुनी सांगितलं तुला? माझं उपास तू कवापास्नं धराया लागलास? आन हिकडं, तुझ्या हातानं दे."

सुभेदारांनी कप दिला. आक्कांनी चहा बशीत ओतला, फुंकर घालून घालून शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि विचारलं, "आनखी हाय का रं?"

सुभेदारांनी दुसरा कप दिला, खांद्यावरची शाल नीट केली. "ब्लोअर बघून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. कठड्यापाशी टाचा जुळवून उभे, मान खाली. त्या दिवशी त्यांनी पलटणीला काही विचारलं नाही. आक्कांचा दुसरा कप संपला, तरी ते आत आले नव्हते.