लक्ष्मम्मांच्या काकड्या

जळकोटच्या लक्ष्मम्मा तुळजापूरच्या आठवडी बाजारात काकड्या विकायच्या. एखाद्या लेकरानं काकडीला हात लावला की त्या खेकसायच्या. म्हणून बायका पोरांना त्यांच्यापासून लांबच ठेवायच्या.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, निजामाच्या रझाकारांची दहशत असताना, एकदा भर बाजारात "रझाकार आले!" अशी ओरड झाली. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. त्या धांदलीत पाच लेकरांचे हात आयांच्या हातून सुटले. लक्ष्मम्मा पळाल्या नाहीत. रडणारी पाची लेकरं त्यांनी ओढून काकड्यांच्या पाट्यांमागं बसवली, वरून घोंगडं धरलं आणि एकेकाच्या हातात काकडी दिली.

"खावा गुमान. तुमच्या आया येत्यात," त्या म्हणाल्या.

रझाकार आलेच नव्हते. ओरड खोटी होती. तासाभरानं आया रडत धावत आल्या, तेव्हा एक पाटी रिकामी झाली होती आणि सगळ्यात धाकटी मुलगी लक्ष्मम्मांच्या मांडीवर झोपली होती. तिच्या आईनं, कडूबाईनं, लक्ष्मम्मांचे पाय धरले.

"ऊठ गं," लक्ष्मम्मा हळूच खेकसल्या. "पोरगी जागी व्हईल."