महादेवच्या बांधावरचा देव

महादेव घरतचा जगात कुणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्याने दूध घातलं की तो आधी बोट बुडवून बघे, आणि पोस्टमनकडून पाकीट घेतलं की उलटं करून न्याहाळे. त्यात थोडं शहाणपणही होतं म्हणा. पनवेलच्या आसपासच्या गावांत जो कागद घेऊन आला, तो जमीन घेऊनच गेला. महादेवच्या बापाचं मिठागर असंच गेलं. उरला होता रस्त्याकडेचा एक तुकडा, आणि त्याच्या बांधावर शेंदूर फासलेला उभा दगड. तो घरतांचा देव. दर शिमग्याला त्याच्यापुढे नारळ फुटे.

म्हणून जुने शिलालेख वाचणाऱ्या निवृत्त शिक्षिका पद्मजाबाई त्या दगडाचा ठसा घ्यायला आल्या, तेव्हा महादेवच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सोमवारी त्याची बहीण हक्कसोडपत्रावर सही करणार होती. मग तुकडा त्याच्या एकट्याचा, आणि बिल्डर तर तयारच. नेमका आत्ताच या बाईला दगड कसा आठवला?

“कोनी धाडलं तुमाला?”

“कोणी नाही हो, काका,” म्हणत बाईंनी दगडाच्या पाठीवर ओला कागद थापला आणि त्या उमटलेली अक्षरं वाचू लागल्या. आठ-नऊशे वर्षांपूर्वी इथे सोमैया नावाचा मीठ पिकवणारा होता. पाठची एकच बहीण, वाटेकडेचं एकच शेत.

महादेव बांधावर बसला. मीठ, एक बहीण, एक शेत. हे तर त्याचंच चरित्र! छाती फुगली त्याची.

“माज्यासारखाच की हा! मंग काय केलं त्यानं?”

“शेत बहिणीला देऊन टाकलं. भाऊबंदांनी ते हिरावू नये म्हणून खाली शापही कोरलाय. जरा माती काढता?”

महादेवने माती उकरली. दगडाच्या पायाशी कोरलेलं गाढव निघालं, आणि गाढवाखाली बाई. बहिणीचं शेत गिळणाऱ्याला आईवरून दिलेली शिवीच कुणी चित्रात कोरून ठेवली होती. घरतांनी पिढ्यान्‌पिढ्या नारळ फोडले, ते त्या शिवीपुढे.

“खरं सांगा,” तो उसळला, “माज्या बहिनीनंच धाडलं ना तुमाला?”

बाईंनी चष्मा काढला. “तुम्हालाही बहीण आहे?”

सोमवारी कृष्णाबाई उरणहून आली ती भावासाठी सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी घेऊन. महादेवने पुडीही हुंगली. एवढी माया कशाला? हिला नक्की कळलंय. रजिस्ट्रार ऑफिसबाहेरच्या बाकावर त्याने कागद पुढे केला, तर तिने सरळ पेन मागितलं.

“वाच तरी आदी!” तो खेकसला.

“मना कुठं वाचता येतं, दादुस? तू आनलास म्हंजे बरोबरच असल.”

महादेवला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचाच संशय आला. त्याने चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. गाव, सर्व्हे नंबर, बापाचं नाव. ‘मी माझा हक्क स्वखुशीने’ इथे येऊन तो अडला.

“थांबलास का रं, दादुस?”

“तुजी खुशी हाय का नाय, ते मी कदी इचारलंच नाय.”

कृष्णाबाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिली. मग तिने पेन बाकावर ठेवलं.

“नव्हती,” ती म्हणाली.

महादेवने कागद फाडला. मग सवयीप्रमाणे आजूबाजूला कोण बघतंय ते पाहून त्याने सगळे तुकडे मोजून खिशात घातले.