शाहिरांची हळू कॅसेट

त्र्याण्णव सालची गोष्ट, मी चाळीस वर्षांचा होतो. आज नातीनं मोबाईलवर शाहिरांचं ते हळू गाणं लावलं अन् मले वाडीतलं ट्रकवाल्यांचं चहाचं दुकान आठवलं, डिझेलच्या वासासकट.

आमच्या गावचे म्हातारे शाहीर खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, त्यात उभे राहिले की माईकशिवाय आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाये. पण त्यांनी कॅसेट काढली ती कॅसिओच्या कीबोर्डवरच्या हळुवार गाण्यांची. मी ती दुकानासमोर माझ्या ट्रकात लावली होती, अन् शाहीर बाजूलेच बसले होते.

"काहून जी शाहीर, डफ इकून कॅसिओ घेतला का?" एक ड्रायव्हर बोलला. सारे हसले. "बंद कर गा ते," दुसरा मले म्हणे.

"ट्रक माझा, टेप माझा," मी म्हटलं. खरं तर मलेही गाणी फिकीच वाटली होती.

शाहीर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "जिंदगीभर मैदानात गायलो. माझी बायको घरी भाकरी थापत राहिली, तिनं मले कधी आयकलंच नाही. चुलीपाशी बसून आयकता येईन, एवढ्याच आवाजाचं गायलो गा."

मोठ्यानं गाणारे मी लय पाहिले. इतकं हळू गायाले हिंमत लागते, हे आता मी कोणालेही ठणकावून सांगतो.

तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी ट्रक काढायच्या आधी मी ती कॅसेट घरात नेली, घरचा टेप बायकोच्या चुलीजवळ ठेवला अन् आवाज कमी केला.