अंगठ्याला साक्षीदार लागतो

गयामावशीला सही येत होती. चार अक्षरांची, ठसठशीत, 'गयाबाई'. तरी शेवटची कितीतरी वर्षं ती अंगठाच लावायची. बँकेत, रेशन दुकानात, निराधार पेन्शनच्या अर्जावर, सगळीकडं. कारकून पेन पुढं करायचा, ती पेन बाजूला सारायची आणि विचारायची, "शाई कुठंय?" पॅड वाळलेला असला तर भिंतीला टेकून बसायची, पण पेन हातात घ्यायची नाही. लोक समजायचे, अडाणी बाई आहे. ती अडाणी का झाली हे ठाऊक असलेली बाहेरची माणसं दोन. त्यांतली एक मी.

मावशी आमच्या वस्तीतली, नात्यानं कुणी नाही. शाळेत खिचडी शिजवायची. मी त्याच शाळेत शिकले, तिच्याच पळीतली खिचडी खाऊन वाढले आणि पुढं वस्तीतली पहिली बी.ए. झाले. हे मी अभिमानानं सांगते, कारण आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचा उंबरा ओलांडला नव्हता. मुदखेडला गाडी बदलून नांदेडला कॉलेजच्या होस्टेलवर जायचे तेव्हा मावशी रस्त्यात गाठून डब्यावर आणखी एक भाकर ठेवायची. "खा. पुस्तक डोक्यात बसायला पोट भरलेलं लागतं." तिची एकच लेक तीन वर्षांची होऊन तापानं गेली होती. वस्तीमागच्या मसणवट्यात कडुलिंबाखाली तिला माती दिली, पुढं मावशीच्या मालकालाही तिथंच. मावशी त्या झाडाकडं बोट करून म्हणायची, "माझं सगळं घर तिथं हाय. मी तेवढी भाड्यानं ऱ्हायली इथं."

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलंच. मी कॉलेजात असताना ते वाढायला लागलं होतं. सडकेला दुकानं आली, शेतात प्लॉटिंगचे दगड उभे राहिले, आणि एक दिवस ग्रामपंचायतीचा बोर्ड उतरवून तिथं नगरपंचायतीचा लागला. सरपंचाचे नगराध्यक्ष झाले. खुर्ची तीच होती. आमचा वॉर्ड मागास महिलेसाठी राखीव निघाला आणि वस्तीनं गयामावशीला उभं केलं. तिनं मतं मागितली ती एकाच गोष्टीवर. मसणवट्याला रस्ता आणि वर पत्र्याचं शेड. पावसाळ्यात आम्ही माणूस खांद्यावर घेऊन मांडीभर चिखलातून जायचो. "मेलेल्याला तरी सुखानं जाऊ द्या," एवढंच तिचं भाषण. निवडून आली.

पहिल्या सभेला ती हिरवं लुगडं नेसून गेली. बाकीच्या बायांच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे बसलेले. मी दारातून बघत होते. नगराध्यक्ष म्हणाले, "मावशी, तुम्ही कामून तरास घेतला? घरचं कुणी पुरुष माणूस पाठवायचं की."

मावशी म्हणाली, "मालक कडुलिंबाखाली हाय. उठवून आणू का? पर मग भजी एक प्लेट वाढवा, त्याला लई आवडायची."

सगळे हसले. नगराध्यक्षही हसले, पण तिच्याकडं न बघता. तिथली सभा म्हणजे भजी गार व्हायच्या आत संपायची. विषय वाचायचा, 'मंजूर, मंजूर' म्हणायचं, उठायचं. मावशी मात्र प्रत्येक सभेत उभी राहून विचारायची, "आमच्या रस्त्याचं कुठवर आलं?" आणि दरवेळी उत्तर, "पुढच्या सभेत घेऊ."

सही मी शिकवली. सुट्टीला आले की शाळेच्या चुलीपुढं बसायचो. खिचडीचं काम तिनं सोडलं होतं, पण नव्या बाईनं आम्हाला कधी उठवलं नाही. फरशीवर कोळशानं मी अक्षर काढायचे आणि ती त्यावरून बोट फिरवायची. 'ई' तिला जमेना. "हिची शेंडी कुठं जाती गं, बकरीसारखी?" महिना गेला. ज्या दिवशी चारही अक्षरं एका ओळीत उभी राहिली, त्या दिवशी तिनं ती पुसू दिली नाहीत. वर परात उपडी घालून ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा नगरपंचायतीचा शिपाई सभेचं रजिस्टर काखेत मारून आला. "मावशी, उद्याच्या सभेची हजेरी आजच घ्यायला सांगितली साहेबांनी. समद्यांच्या झाल्या, तुमची तेवढी ऱ्हायली."

मावशीनं रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं. "वाच गं, काय हाय?"

मी वाचलं. वर 'सर्वसाधारण सभा', मग पान जवळजवळ सगळं कोरं, आणि खाली 'उपस्थित सदस्यांच्या सह्या'. मी म्हणाले, "हजेरीच आहे. करा सही."

ती पानाकडं बघत राहिली. "मग ही मधी एवढी जागा कामून सोडली?"

मी हसले. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. म्हणाले, "मावशी, ती सरकारी पद्धत असते. विषय नंतर लिहितात. तुम्हाला नाही कळायचं ते."

मला तरी कुठं कळत होतं? पण मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. मावशीनं दातांत जीभ धरून सही केली. शिपाई म्हणाला, "वा रे वा, मावशी सही करायली!" आणि मी अशी फुगले, जणू ती माझीच सही होती.

दुसऱ्या दिवशीची सभा नेहमीसारखी झाली. मावशीनं रस्त्याचं विचारलं, पुढच्या सभेचं उत्तर घेतलं आणि घरी आली. दोन महिन्यांनी मसणवट्यात जेसीबी आला. सगळ्यात आधी कडुलिंब पडला. मावशी अनवाणी पळत गेली आणि यंत्रापुढं बसली. नगराध्यक्षांनी तिला ऑफिसात नेलं आणि रजिस्टर उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं म्हणून तिनं मला नांदेडहून बोलावून घेतलं. मी वाचलं. स्मशानभूमी नाल्यापलीकडं हलवणे, मोकळ्या झालेल्या जागेवर व्यापारी संकुल बांधणे. अनुमोदक, श्रीमती गयाबाई. सर्वानुमते मंजूर. मधली कोरी जागा भरली होती. खाली तिची चार अक्षरं होती, 'ई'ची शेंडी नीट वर गेलेली.

मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणखीन एकदा वाच." मग म्हणाली, "पुरे."

वस्ती जमली. तिच्या तोंडावर लोक बोलले, "आमची माणसं इकली हिनं. सोताची लेक इकली." मी तिथंच उभी होते. कुणीतरी ओरडलं, "सही करताना डोळे फुटले होते का? कुणी सांगितलं होतं करायला?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. फार नाही, डोळ्याची पापणी लवते तेवढंच. म्हणाली, "कोण सांगतंय? माझीच अक्कल गेली खड्ड्यात."

आणि मी गप्प बसले. एवढं शिकून मला एक वाक्य बोलता आलं नाही.

त्यानंतरच्या सभांत ती पेन घेईना. आधी लिहा, मग वाचा, मग अंगठा. मी एकदा रडत म्हणाले, "मावशी, माझ्यामुळं सही सोडलीत ना?" तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. "येडी हायस का? सही एकटी असती. अंगठ्याला साक्षीदार लागतो. शेजारी कुणाला तरी लिहावं लागतं की हिला वाचून दाखवलं." मग म्हणाली, "कागदाला तोंड असतं पोरी, पर ते ज्याच्या घरी जेवतं त्याचंच बोलतं."

पुढच्या निवडणुकीत तिला कुणी विचारलं नाही. खिचडीचं काम परत मिळालं नाही. कापूस वेचायला जायची. वस्तीतल्या काही घरांनी तिच्याकडचं पाणी पिणं बंद केलं होतं, तेही तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

मी परीक्षा देऊन लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत लागले. सभेचं इतिवृत्त मीच लिहिते. सह्यांच्या वर एक बोटभर जागा उरली तरी लाल पेनानं आडवी रेघ मारते. सदस्य चिडवतात, "मॅडमची रेघ आली, आता काही घुसत नाही." मी हसते. कारण सांगितलेलं नाही.

यंदा फेब्रुवारीत मावशी गेली. मी पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. नाल्यापलीकडची जागा दोन किलोमीटर, आणि वाट त्या संकुलावरूनच जाते. कडुलिंबाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. तिथं आल्यावर मी म्हणाले, "इथं जरा खाली ठेवा."

पुढच्या खांद्याला नामदेवदादा होते, वस्तीतले सगळ्यात म्हातारे. "इथं? दुकानदार वरडतील की बाई."

"ओरडू द्या. तिचं घर इथं होतं."

ठेवली. आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं. रजिस्टर मी वाचलं, करा सही मी म्हणाले, तिनं विचारलं तेव्हा हसले मी. ज्यांनी तिच्या घरचं पाणी सोडलं होतं, ते खाली बघत होते. दुकानातलं गाणं तेवढं वाजत होतं.

नामदेवदादांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. "मला म्हाईत होतं, पोरी. त्याच दिवशी बोलली होती मला."

"मग तुम्ही लोकांना का नाही सांगितलं?"

"तिनं आण घातली होती. म्हणली, मी काय, आज हाय उद्या न्हाई. वस्तीत एकच पोरगी शिकून ऱ्हायली. तिच्या नावावर डाग लागला, तर उद्या दुसरी पोरगी कोण शाळंत घालंल?"

त्यांनी तिरडीला हात घातला. मी पुढं होऊन दुसरा खांदा धरला. बाईनं खांदा देऊ नये असं कुणी म्हणालं नाही. तिचा उजवा हात कपड्याबाहेर आला होता आणि अंगठ्यावर निराधारच्या शेवटच्या अर्जाची निळी शाई तशीच होती. मी तो हात आत सारला. शाई पुसली नाही.